पावसाची सुट्टी आणि पत्त्याचा गोंधळ

हवामानामुळे शाळा बंद ठेवण्याचा किंवा उशिरा भरवण्याचा प्रश्न थंड प्रदेशांत हिवाळ्यात उभा राहतो. कोकणात तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उभा राहतो, आणि बर्फाची जागा तिथे पाऊस, भरती आणि दरड घेतात. रायगड जिल्ह्यात या चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे दर पावसाळ्यात काही दिवस असे येतात की मुलांना घराबाहेर काढणे शहाणपणाचे ठरत नाही. या दिवसांना बोलीभाषेत ‘पावसाची सुट्टी’ म्हणतात. मात्र ही सुट्टी वार्षिक सुट्ट्यांच्या यादीत नसते, मुख्याध्यापकांच्या अधिकारातील स्थानिक सुट्टीही ती नव्हे. ती आपत्ती निवारणाच्या कायद्याखाली दिलेला, शाळा बंद ठेवण्याचा आदेश असते. हा आदेश कोण देतो, कशाच्या आधारावर देतो आणि तो पालकाच्या मोबाइलपर्यंत कोणत्या वाटेने येतो, हे समजून घेण्यासाठी पनवेलजवळच्या करंजाडे वसाहतीइतके उद्‌बोधक उदाहरण क्वचितच सापडेल, कारण तिथे पावसापेक्षा पत्ताच अधिक गोंधळ घालतो.

करंजाडे हे मूळचे गाव. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, त्याच्या परिसरात सेक्टर पाडून नवी वसाहत उभी केली, आणि नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी ज्यांची घरे गेली अशा प्रकल्पग्रस्तांना दिलेल्या भूखंडांपैकी काही याच करंजाडे-वडघर पट्ट्यात आहेत. नियोजन सिडकोचे, तरी गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल या वसाहती तिच्यात गेल्या, करंजाडे मात्र बाहेर राहिले. पोलीस ठाणे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येते, तहसील कार्यालय पनवेलला आहे आणि जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला. घरांच्या जाहिरातीत, कुरिअरच्या पाकिटावर आणि रहिवाशांच्या बोलण्यात मात्र या सगळ्याचे एकच नाव असते, ते म्हणजे नवी मुंबई.

नेमकी इथेच गफलत होते. नवी मुंबई महानगरपालिकेची हद्द बेलापूरपासून दिघ्यापर्यंतची असून ती ठाणे जिल्ह्यात मोडते. करंजाडे रायगड जिल्ह्यात. दूरचित्रवाणीच्या पडद्याखाली ‘नवी मुंबईतील शाळांना उद्या सुट्टी’ अशी पट्टी सरकू लागली की करंजाड्यातील पालकाला ती आपल्यासाठीच वाटते, आणि प्रत्यक्षात ती त्याच्यासाठी नसते. याच्या उलटही घडते: पनवेल महापालिकेचा आदेश फक्त तिच्या हद्दीपुरता असतो, त्यामुळे नवीन पनवेलमधील शाळेत जाणाऱ्या करंजाड्याच्या मुलाची शाळा बंद असते आणि त्याच इमारतीतील, करंजाड्यातच शिकणाऱ्या मुलीची शाळा चालू असू शकते. इथे लक्षात ठेवण्याचा नियम साधा आहे, पण तो कुणी सांगत नाही: आदेश शाळेच्या जागेला लागू होतो, विद्यार्थ्याच्या घराला नाही. ज्या घरातील दोन मुले दोन वेगवेगळ्या हद्दींतील शाळांत जातात त्या घरासाठी, पाऊस एकच असला तरी, आदेश दोन असतात.

या अधिकाराचा उगम आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ या केंद्रीय कायद्यात आहे. या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण निर्माण केले, म्हणजे आपत्तीपूर्वी तयारी करणारी आणि आपत्तीत आज्ञा देणारी यंत्रणा; कलम २५ प्रमाणे जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि कलम ३० व ३४ खाली त्यांना आवश्यक ते निर्बंध घालता येतात. शाळा बंद ठेवण्याचे आदेश सामान्यतः याच कलमांच्या आधारे निघतात. म्हणून सुट्टीच्या पत्रावर शिक्षणाधिकाऱ्यांची नव्हे तर बहुधा जिल्हाधिकाऱ्यांची सही असते; शिक्षण विभागाकडे त्यानंतर उरते ती अंमलबजावणी.

असा आदेश एकदा तरी नीट वाचून पाहावा. आरंभी ‘वाचा’ या शब्दाखाली संदर्भ असतात, त्यांत कायद्याचे नाव आणि हवामान खात्याचा इशारा नोंदलेला असतो. मग ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारी वाक्ये येतात: ज्याअर्थी हवामान विभागाने जिल्ह्यात अमुक दिवशी अति मुसळधार पावसाचा इशारा दिला आहे, ज्याअर्थी नद्यांची पाणीपातळी वाढण्याची शक्यता आहे, आणि अखेर ‘त्याअर्थी’ या शब्दानंतर खरी आज्ञा येते. ती अंगणवाड्यांपासून महाविद्यालयांपर्यंत कोणाकोणाला लागू आहे, पूर्ण जिल्ह्यासाठी आहे की ठरावीक तालुक्यांसाठी, हे तिथेच लिहिलेले असते. रायगडमध्ये पंधरा तालुके आहेत. महाडला सावित्री आणि रोह्याला कुंडलिका फुगलेली असताना उरणमध्ये नुसती रिमझिम चालू असते असे अनेकदा होते, त्यामुळे तालुक्यांच्या नावांची ही ओळ सर्वांत महत्त्वाची ठरते. आणि पालकांच्या नजरेतून हमखास निसटणारे एक वाक्य शेवटाकडे असते: सुट्टी विद्यार्थ्यांना आहे, मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत हजर राहून आपत्ती व्यवस्थापनाची कामे करायची आहेत. ज्या पावसात मुलांनी बाहेर पडू नये असे ठरते, त्याच पावसात शिक्षक पनवेल स्थानकावर रिक्षाची वाट पाहत उभे असतात.

सही झाल्यावर हा कागद उतरंडीने खाली येतो. जिल्हाधिकारी कार्यालयातून तो जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. तिथून तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, म्हणजे पंचायत समितीत बसून तालुक्यातील शाळांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. त्यांच्याकडून केंद्रप्रमुखांकडे, ज्यांच्या देखरेखीखाली आसपासच्या काही शाळांचा एक गट असतो. मग मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शेवटी पालक. पूर्वी हा प्रवास दूरध्वनी, आकाशवाणीच्या बातम्या आणि शाळेच्या फाटकावरील फळा यांच्या भरवशावर चालत असे आणि पुष्कळदा मूल शाळेच्या दारात भिजून पोहोचल्यावरच फळा वाचला जाई. आता प्रत्येक पायरीवर एक व्हॉट्सॲप गट आहे, त्यामुळे तोच कागद पंधरा-वीस मिनिटांत खालपर्यंत येऊ शकतो. जिल्हा माहिती कार्यालय समांतरपणे तोच आदेश पत्रकारांना देते. खासगी शाळा यांखेरीज स्वतःचे ॲप किंवा एसएमएस वापरतात, आणि बहुतेक खासगी शाळांची रीत अशी की सरकारी पत्र हाती आल्याशिवाय त्या स्वतःहून काही जाहीर करीत नाहीत. या सावधपणाला कारण आहे, पण त्यामुळे रात्री दहा ते सकाळी सहा हा वेळ पालकांच्या गटांत ‘काही कळलं का?’ या एकाच प्रश्नावर जातो.

आदेशामागचा आधार म्हणजे भारतीय हवामान विभागाचा इशारा. १८७५ साली स्थापन झालेल्या या विभागाचे प्रादेशिक केंद्र मुंबईत कुलाब्याला असून तिथून रायगडसह कोकणातील जिल्ह्यांचे पुढील काही दिवसांचे अंदाज रोज प्रसृत होतात. चार रंग सर्वांच्या ओळखीचे झाले आहेत: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. पावसाच्या प्रमाणाचेही ठरलेले टप्पे आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर झाला तर तो मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरपर्यंत अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे ध्यानात घेतले की दोनशे मिलिमीटर या आकड्याचा अर्थ उमगतो: शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एका दिवसात वीस हजार लिटर, म्हणजे पाण्याचे दोन मोठे टँकर.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. पहिली अशी की लाल रंग म्हणजे आपोआप सुट्टी नव्हे. इशारा देणे हे हवामान विभागाचे काम, त्यावरून शाळांबाबत निर्णय करणे हे जिल्हाधिकाऱ्यांचे, आणि या दोहोंना बांधणारे सूत्र कायद्यात नाही. नारंगी इशाऱ्यावर सुट्टी दिली जाते आणि लाल इशारा असूनही कधी शाळा भरतात. दुसरी गोष्ट अशी की चोवीस तासांची बेरीज शाळेच्या वेळापत्रकाला फारशी उपयोगी नसते. दीडशे मिलिमीटर पाऊस दिवसभर सावकाश पडला तर गटारे तो वाहून नेतात. तोच सकाळी सहा ते नऊ या तीन तासांत पडला तर शाळेची व्हॅन चौकातच बंद पडते. हाँगकाँगमध्ये म्हणूनच तासाचा हिशेब धरला आहे. तिथे तासाला ३० मिलिमीटरला पिवळसर, ५० ला लाल आणि ७० ला काळा संकेत लागतो, आणि पहाटे लाल किंवा काळा संकेत लागला तर शाळांविषयी काय करायचे ते आधीच छापलेले असते. जपानमध्ये अनेक शाळा वर्षारंभीच पालकांना लिहून देतात की सकाळी अमुक वाजता वादळाचा किंवा अतिवृष्टीचा इशारा लागू असेल तर मुलांनी घरीच थांबावे; त्या दिवशी कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे हा निर्णय व्यक्तीच्या विवेकावर सोडलेला आहे. विवेकाला लवचीकपणाचा फायदा असतो, पण त्याला जागे राहावे लागते, आणि पाऊस पुष्कळदा मध्यरात्रीनंतरच वाढतो.

करंजाडे परिसरात पावसाच्या आकड्याशिवाय आणखी दोन घटक असतात. माथेरानच्या डोंगररांगेकडून येणारी गाढी नदी पनवेलला वळसा घालून खाडीला मिळते, काळुंद्री नदीही त्याच बाजूला जाते. त्यामुळे वसाहतीत ऊन पडले असतानाही डोंगरात कोसळलेल्या पावसाचे पाणी काही वेळाने खाली उतरू शकते. दुसरा घटक भरतीचा. खाडीला मोठी भरती असते तेव्हा समुद्राचे पाणी नदीच्या आणि नाल्यांच्या मुखाशी उभे राहते आणि वरून आलेल्या पाण्याला वाट मिळत नाही. ओहोटी लागली की तेच पाणी दोन-तीन तासांत ओसरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला कोळी आणि आगरी समाजात ‘उधाण’ म्हणतात, आणि या भागातील जुनी माणसे पावसाच्या अंदाजापेक्षा उधाणाची तिथी पाहूनच उद्याच्या रस्त्याबद्दल बोलतात. भरतीची वेळ वर्षभर आधी मिनिटापर्यंत छापलेली असते. शाळांच्या निर्णयात जी एकच गोष्ट पूर्ण खात्रीने आधी माहीत असते, तीच सुट्टीच्या आदेशांत फारशी आढळत नाही.

चुकीच्या वेळी घेतलेला बरोबर निर्णय काय करतो, याची आठवण मुंबई परिसराला २६ जुलै २००५ ने दिलेली आहे. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४.२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि कुलाब्याला फक्त ७३.४, पावसाचा सर्वाधिक जोर दुपारी सुरू झाला, म्हणजे नेमका शाळा सुटण्याच्या आणि भरण्याच्या वेळेत. असंख्य मुले वाटेत अडकली, आणि ज्या शाळांनी मुलांना वर्गातच थांबवून घेतले त्या शाळांतील मुले रात्र बाकांवर काढून दुसऱ्या दिवशी घरी गेली. त्याच अतिवृष्टीत रायगडमध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाला. त्या दिवसाचा धडा खरे तर सुट्टीपेक्षा वेगळा होता: पाऊस सुरू झाल्यावर मुलाला घरी पाठवण्यापेक्षा शाळेच्या पक्क्या इमारतीत ठेवणे अधिक सुरक्षित असू शकते.

तो धडा पुरता रुजला असे म्हणता येत नाही. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत सकाळचे सत्र भरल्यावर दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर झाली; दुपारची मुले घरी राहिली हे ठीक, पण सकाळची मुले भर पावसात परतीच्या वाटेला लागली, आणि माटुंग्यात पाण्यात अडकलेल्या शाळेच्या बसमधून मुलांना पोलिसांनी बाहेर काढले. दुसऱ्या दिवशीची सुट्टी मात्र आदल्या दिवशीच जाहीर झाली आणि ती मुंबईबरोबर ठाणे, नवी मुंबई, रायगड या भागांतही होती. वेळेचा हा पेच एकट्या महाराष्ट्राचा नाही. केरळमध्ये जिल्हाधिकारी फेसबुकवर सुट्टी जाहीर करतात आणि शाळकरी मुले तिथे जाऊन आर्जवे करतात, हा तिथला दर पावसाळ्यातील कौतुकाचा विषय. पण ऑगस्ट २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात सुट्टीची घोषणा सकाळी साडेआठच्या सुमारास झाली, तोवर पुष्कळ मुले वर्गात बसली होती, आणि शेवटी ज्या शाळा भरल्या आहेत त्या बंद करू नयेत असा खुलासा करावा लागला. सकाळी सातला भरणाऱ्या शाळेची व्हॅन सहा-सव्वासहाला पहिल्या फाटकावर येते. त्यामुळे पहाटे पाचनंतर निघालेला आदेश व्यवहारात सुट्टीचा आदेश राहतच नाही, तो मुले परत आणण्याचा आदेश होतो.

यावर ‘उशिरा शाळा’ हा एक मधला मार्ग असू शकतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘दोन तासांचा उशीर’ हा शब्दप्रयोग चांगला परिचयाचा आहे: बर्फ पडलेल्या रात्री शालेय विभागाचे प्रमुख पहाटेच रस्त्यांचा अंदाज घेतात आणि पूर्ण बंदीऐवजी शाळा दोन तास उशिरा भरवतात, तेवढ्या वेळात रस्ते साफ होतात, आणि पालकांना ध्वनिमुद्रित फोन जातो. तिथेही सारे सुरळीत असते असे नव्हे. न्यूयॉर्क शहराने बर्फाच्या सुट्टीऐवजी घरून ऑनलाइन शाळा भरवायचे ठरवले, तर १३ फेब्रुवारी २०२४ रोजी असंख्य विद्यार्थ्यांना संगणकावर प्रवेशच मिळेना. करंजाडे-पनवेल परिसरात भरतीचे पाणी दोन-तीन तासांत उतरते, म्हणून दोन तासांचा उशीर इथे बर्फाच्या प्रदेशाइतकाच उपयोगी पडावा. तो वापरला जात नाही याचे मुख्य कारण सत्रपद्धती. एकाच इमारतीत सकाळी एक आणि दुपारी दुसरी तुकडी बसते, तीच बस तीन-तीन फेऱ्या करते, त्यामुळे पहिले सत्र सरकले की सगळे दिवसाचे गणित विस्कटते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय काढला, तो मुलांच्या झोपेच्या कारणाने. पण ज्या शाळा तो पाळतात तिथे लहान मुलांना पहाटेच्या अंधारातून आणि पहिल्या सरीतून सुटका आपोआप मिळाली आहे. हिवाळ्याच्या थंडीने शाळा बंद पडावी असे पनवेलकडे घडत नाही. उन्हाने मात्र घडले आहे: १६ एप्रिल २०२३ रोजी पनवेल तालुक्यातीलच खारघर येथील सोहळ्यात उष्माघाताने बळी गेल्यावर काही दिवसांतच राज्य मंडळाच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी २१ एप्रिलपासून लागू झाली.

सुट्टी दिली आणि पाऊसच आला नाही, तर टीका होते. ८ जुलै २०२४ च्या पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत तीनशे मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला. त्यानंतर ९ जुलैसाठी जाहीर झालेल्या सुट्टीच्या यादीत मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल यांची नावे होती, आणि तो दिवस मुंबईत बराचसा कोरडा गेला. (अशा यादीत नुसते ‘पनवेल’ लिहिले की ते महापालिकेसाठी आहे की तालुक्यासाठी, हा करंजाड्याचा प्रश्न पुन्हा आलाच.) अधिकाऱ्याच्या बाजूने पाहिले तर कोरड्या सुट्टीची फार तर थट्टा होते, न दिलेल्या सुट्टीचा जाब द्यावा लागतो, त्यामुळे त्याचा कल सुट्टीकडे झुकणे स्वाभाविक आहे.

पण सुट्टी फुकट नसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस अध्यापन व्हावे लागते, तेव्हा बुडालेला दिवस पुढे कुठल्या तरी सुट्टीतून वळता करावा लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या दिवशी शालेय पोषण आहार शिजत नाही, म्हणजे काही मुलांच्या वाट्याचे दुपारचे गरम जेवण जाते. आई-बाप दोघेही हार्बर मार्गाने मुंबईला जाणाऱ्या घरात मूल शेजाऱ्यांवर सोपवावे लागते, कारण कार्यालयांना त्या दिवशी सुट्टी नसते. आणि वसाहतीतील बांधकामांवर राबणाऱ्या मजुरांची मुले पत्र्याच्या खोपटात राहतात. शाळेची पक्की इमारत हीच त्यांच्या भोवतालची सर्वांत कोरडी जागा असते, आणि अतिवृष्टीच्या दिवशी तिचेच फाटक बंद असते. याच कारणाने सुट्टीच्या दिवशी शिक्षकांना हजर ठेवण्याची तरतूद अर्थपूर्ण ठरू शकते: शाळा भरली नाही तरी उघडी असावी, ज्यांना गरज आहे त्यांना बसायला आणि खायला मिळावे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. ती आपत्ती रात्रीची होती, शाळेच्या वेळेशी तिचा संबंध नव्हता, पण पावसाळ्यात घर हीच सर्वांत सुरक्षित जागा असते हे गृहीतक रायगडमध्ये सरसकट धरता येत नाही, एवढे तिने दाखवले.

उरतो प्रश्न अफवांचा. प्रत्येक मोठ्या पावसात मागील वर्षाचे, क्वचित दुसऱ्याच जिल्ह्याचे पत्र पुन्हा फिरू लागते. त्यावर खरी मुद्रा आणि खरी सही असते, म्हणून ते खोटेही म्हणता येत नाही, फक्त ते उद्याचे नसते. २५ जुलै २०२४ रोजी मुंबई महापालिकेला उलट दिशेने, म्हणजे उद्या शाळा नेहमीप्रमाणे भरणार आहेत, असे जाहीर करावे लागले ते याच कारणाने. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे घबराट उडेल असा खोटा इशारा पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, परंतु जुने पत्र काळजीपोटी पुढे ढकलणाऱ्या आजोबांना त्या कलमाचा धाक घालून काही साधणार नाही. पत्र वाचण्याची सवय त्याहून उपयोगी. दिनांक पाहावा आणि त्या दिनांकाला लिहिलेला वार कॅलेंडरशी जुळतो का ते पाहावे, कारण जुन्या पत्रावरचा आकडा कुणी बदललाच तर वार बदलायचे बहुधा विसरतो. मग जावक क्रमांकातील वर्ष, मग तालुक्यांची ओळ, आणि शेवटी सही कोणत्या कार्यालयाची आहे ते. चार ठिकाणी नजर फिरवायला अर्धे मिनिट पुरते.

मात्र सगळा भार वाचणाऱ्यावर टाकणे बरोबर नाही. देशातील प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो, त्यातील पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन तालुक्याचे आणि नंतरचे गावाचे व शाळेचे. महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो. म्हणजे ‘नवी मुंबई’, ‘पनवेल’ अशा सैल शब्दांशिवाय कोणती शाळा आदेशात आहे हे निःसंदिग्धपणे सांगण्याची सोय सरकारदरबारी तयारच आहे. आपत्तीचे इशारे ठरावीक भागातील मोबाइलवर थेट पाठवण्याची यंत्रणाही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ सेवेच्या रूपाने चालू आहे आणि तिचे संदेश मराठीतही येतात. या दोहोंची सांगड घालून सुट्टीचा आदेश शाळेच्या क्रमांकानुसार आणि संध्याकाळी ठरलेल्या एका वेळेला निघाला, तर करंजाड्यासारख्या, चार कार्यालयांच्या सीमेवर वसलेल्या वस्त्यांचा निम्मा गोंधळ मिटेल. त्यासाठी नवा कायदा किंवा नवा खर्च लागणार नाही.

तोवर करंजाड्यातील पालकांनी मुलाच्या शाळेच्या ओळखपत्रामागे शाळेची हद्द लिहून ठेवावी: महापालिका की ग्रामपंचायत, आणि जिल्हा रायगड. शंका आलीच तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.